हरितलवकातील प्रथिनभंजक विकरे आणि आपली पाठ्यपुस्तके

शालेय पुस्तकांत हरितलवकाचे वर्णन बहुधा एकाच ठशाचे असते. हरितलवक म्हणजे वनस्पतीचे स्वयंपाकघर. तेथे प्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून अन्न तयार होते. त्याच प्रकरणात लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' म्हटलेले असते. यातून विद्यार्थी सरळ वाटणी करून घेतो : घडवणे हरितलवकाकडे, मोडणे लयकारिकांकडे. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे आणि तिच्यामुळे वनस्पतीच्या जगण्यातील एक मोलाचा भाग वर्गाबाहेर राहतो.

हरितलवकात प्रथिने मोडणारी स्वतःची विकरे असतात. त्यांना प्रोटिएज म्हणतात. एफटीएसएच, सीएलपी आणि डेग ही त्यांतील तीन प्रमुख कुळे. तिन्ही जीवाणूंमध्येही सापडतात. हरितलवकाचे पूर्वज नीलहरित जीवाणू होते, याचीच ही एक खूण होय.

या विकरांची गरज काय? प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रणेच्या गाभ्याशी डी-1 नावाचे प्रथिन असते. ज्या प्रकाशावर हे काम चालते, तोच प्रकाश डी-1ची हानी करतो. प्रखर उन्हात पानातील निम्मे डी-1 साधारण तासाभरात बदलले जाते. या प्रथिनाचे मोडणे प्रकाशाशी व इलेक्ट्रॉनांच्या वहनाशी जोडलेले आहे, हे मट्टू, एडेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली स्पायरोडेला या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पतीत दाखवले. बिघडलेले डी-1 काढण्याचे काम मुख्यतः एफटीएसएच करते. ते निघाल्याशिवाय नव्याला जागा मिळत नाही. म्हणजे येथे मोडणे ही घडवण्याचीच पूर्वअट आहे.

आता वर्गातील एक नेहमीचा प्रयोग पाहू. चितकबऱ्या पानावर आयोडिन टाकले की हिरवा भाग निळा-काळा होतो, पांढरा होत नाही. निष्कर्ष लिहिला की तास संपतो. पण तो भाग मुळात पांढरा का, हे कोणी विचारत नाही. कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक येथे उपयोगी आहे. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील छोट्या वनस्पतीचा एक चितकबरा प्रकार एफटीएसएच कुळातील एका विकराच्या अभावामुळे होतो, हे 2000 साली स्पष्ट झाले. मोडणारे विकर नसेल तर हरितलवक नीट घडतच नाही, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

लोकप्रिय लेखांबद्दलही आमची एक तक्रार आहे. त्यांत या विकरांना 'सफाई कामगार' म्हणून मोकळे होतात. सफाई थांबली तर कचरा साठेल, एवढेच त्यातून कळते. प्रत्यक्षात 2003 साली तंबाखूच्या हरितलवकातून सीएलपीचे एक जनुक काढून टाकले, तेव्हा कोंबाची वाढच होऊ शकली नाही. शिवाय एफटीएसएच आणि सीएलपी ही विकरे प्रथिन उलगडून आत ओढण्यासाठी एटीपी खर्च करतात. मोडण्यासाठीही वनस्पती ऊर्जा मोजते, हे विद्यार्थ्यांना सांगायलाच हवे.

मात्र उलट दिशेची अतिशयोक्तीही नको. पान पिवळे पडताना रुबिस्कोसारख्या मुबलक प्रथिनांतील नायट्रोजन कोवळ्या पानांकडे आणि दाण्यांकडे जातो. भाताच्या दाण्यातील नायट्रोजनचा मोठा भाग असाच पानांतून आलेला असतो. पण हे सारे विघटन हरितलवकातच होते असे नाही. काही रुबिस्को लहान पिशव्यांतून बाहेर पडते आणि रिक्तिकेत मोडले जाते.

शिक्षकांनी यासाठी नवे प्रकरण शिकवावे, असे आमचे म्हणणे नाही. आयोडिनच्या प्रयोगानंतर 'हा भाग पांढरा का?' एवढे विचारावे. नायट्रोजन कमी असलेल्या मातीत मोहरीची रोपे लावून कोणती पाने आधी पिवळी पडतात ते पाहायला सांगावे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, कारण त्यांतील प्रथिने मोडून नायट्रोजन वरच्या पानांना पुरवला जातो. हे पाहिलेला विद्यार्थी पिवळ्या पानाला निव्वळ मरते पान म्हणणार नाही आणि हरितलवकाला नुसते स्वयंपाकघरही म्हणणार नाही.