‘४० टक्के’ आणि उस्मानपुऱ्यातलं सलून

पेटची तयारी करताना पेपर वाचायला लागला असाल, तर आज एक सोबत वाचू. नाव ‘जीईओ : जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन’. प्रांजल अगरवाल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०२४ साली केडीडी परिषदेत आला. प्रश्न चांगलाच आहे. सर्च इंजिन लिंकांची यादी न देता थेट उत्तर लिहून देत असेल, तर त्या उत्तरात आपल्या वेबसाइटला जास्त जागा कशी मिळेल? लेखकांनी पानांचा मजकूर नऊ पद्धतींनी बदलून पाहिला. आकडेवारी, अवतरणं, संदर्भ घातले की दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढली. तोच तो शब्द कोंबण्याची जुनी युक्ती मात्र चालली नाही.

आता समजा, आपल्या संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात एक सलून आहे, त्याची छोटी वेबसाइट आहे आणि कुणीतरी मालकाला हा ४० चा आकडा दाखवून पैसे मागतंय. मालक तुम्हाला विचारतो, देऊ का? काय सांगाल?

निष्कर्ष सोडा, आधी प्रयोगाची मांडणी बघा. प्रत्येक प्रश्नासाठी गूगलवरची पहिली पाच पानं घेतली, त्यातलं एक बदललं आणि मॉडेलकडून उत्तर लिहून घेतलं. म्हणजे बदललेलं पान आधीच पहिल्या पाचांत होतं! पंगतीत बसलेल्याच्या ताटात जास्त कसं वाढलं जाईल, याचा हा अभ्यास आहे. आपला गडी अजून मांडवाबाहेर उभा आहे. पाचही पानांनी एकदम बदल केले तर काय होतं, हेही त्यांनी तपासलंय, आणि मला तो भाग ४० टक्क्यांपेक्षा मोलाचा वाटतो. संदर्भ दिल्यावर पाचव्या क्रमांकाच्या पानाची दृश्यता सुमारे ११५ टक्के वाढली, पहिल्याची सुमारे ३० टक्के घटली. छोट्यांना आशा आहे, पण पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलेल्या छोट्यांना.

मग प्रश्नांचा संच. १०,००० प्रश्न, त्यातले बहुतेक माहिती विचारणारे. ‘केस का गळतात’ हा माहितीचा प्रश्न झाला. ‘जवळचं सलून’ हा वेगळाच प्राणी. स्थानिक निकाल जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरतात, असं गूगल स्वतःच सांगतं. कितीही आकडेवारी घाला, दुकान उस्मानपुऱ्यातून उचलून सिडकोत नेता येत नाही. आणि सलूनवाला आकडेवारी आणणार कुठून? ‘९८ टक्के ग्राहक खूश’ असं मनानेच लिहील. पद्धत चुकीच्या जागी लावली की खोटं लिहायची पाळी येते, ती अशी.

मला सगळ्यात रस आहे तो गावाच्या नावात. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने नामांतराला मंजुरी दिली. पण शोधणारा कुणी ‘औरंगाबाद’ टाइप करतो, कुणी नुसतं ‘संभाजीनगर’, कुणी पूर्ण नाव. कुणी रोमनमध्ये, कुणी देवनागरीत. त्यात बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. मग सलूनच्या पानावर दोन्ही नावं लिहिली, तर ते शब्द कोंबणं की नीट पत्ता देणं? पेपरच्या नऊ पद्धतींत याला खानाच नाही.

सिनॉप्सिससाठी विषय शोधताय ना? मग हे घ्या. तीन नावं, दोन लिप्या, म्हणजे सहा प्रश्न. शोधायची जागा ठरवून घ्या, लॉगइन न करता शोधा, ठरलेल्या वारी आणि वेळी काही आठवडे तेच परत करा. निकाल जागेप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलतात, त्यामुळे एका स्क्रीनशॉटला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. नकाशातले निकाल आणि खालच्या लिंका वेगवेगळ्या मोजा. दोन्ही एकत्र केलं की काहीच कळत नाही.

तोवर मालकाला सांगा, पैसे थांबवा. नकाशावरच्या नोंदीत वेळ आणि फोन नंबर बरोबर आहे का बघा, सोमवारी बंद असेल तर तसं लिहा. दुकानाच्या नावात ‘बेस्ट सलून’ वगैरे घुसडू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. गावाची दोन्ही नावं वेबसाइटवर पत्त्याच्या ओळीत येऊ द्या.