मापदंड कोणाचा? : ‘आयदान’ आणि संदर्भगटाची संकल्पना

व्यक्ती स्वतःचे मोल ठरविताना कोणाकडे पाहते, या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी ‘संदर्भगट’ या संकल्पनेतून झाली. हर्बर्ट हायमन यांनी १९४२ मध्ये ही संज्ञा प्रथम योजली. स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांचा जो अभ्यास १९४९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात एक विसंगती आढळली. हवाई दलात बढत्या झपाट्याने मिळत, तरी तेथील सैनिक बढतीच्या संधींविषयी अधिक असमाधानी होते. लष्करी पोलिसांत बढत्या विरळ, परंतु नाराजी कमी. प्रत्येक जण आपली तुलना जवळच्या सहकाऱ्यांशी करीत होता. यातून पुढे आलेल्या ‘सापेक्ष वंचितता’ या कल्पनेला रॉबर्ट मर्टन यांनी संदर्भगटाच्या व्यापक सिद्धान्ताची जोड दिली. ज्या गटात आपण नाही, परंतु ज्यात जाण्याची आकांक्षा आहे, त्याची मूल्येही माणूस आधीच आत्मसात करतो, हे मर्टन यांचे प्रतिपादन विशेष महत्त्वाचे आहे.

भारतीय संदर्भात ही संकल्पना जातिव्यवस्थेला लावून पाहणे स्वाभाविक होते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या प्रक्रियेत वरिष्ठ जातींचे आचार हाच अनुकरणाचा आदर्श असतो. पुण्याचे समाजशास्त्रज्ञ य. भा. दामले यांनी जातीय चलनशीलतेचा विचार थेट संदर्भगट सिद्धान्ताच्या आधारे केला. या मांडणीत एक गृहीत मात्र दडलेले राहते : मोजणारा खाली उभा आहे आणि माप वर, त्याच्या येण्याची वाट पाहत, तयार आहे. हे गृहीत कितपत टिकते, याची कसोटी पाहण्यास ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) हे आत्मकथन अत्यंत उपयुक्त आहे.

ऊर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील फणसवळे या गावचा. ‘आयदान’ म्हणजे बांबूच्या विणीच्या वस्तू : सुपे, टोपल्या, रोवळ्या. अन्यत्र बुरुडांकडे असलेले हे काम कोकणात महार समाजाकडे होते. एकच कसब प्रदेशागणिक वेगळ्या जातीच्या वाट्याला येते, यावरूनच कामाची पायरी त्याच्या स्वरूपातून ठरत नसून ते करणाऱ्याच्या जातीवरून ठरते, हे स्पष्ट होते. आत्मकथनाच्या आरंभी डोंगरवाटा तुडवीत रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायका भेटतात. डोक्यावरचा भारा, बाजारात मिळालेला भाव आणि घरी परत नेता येणारे चार जिन्नस हा त्यांचा हिशेब. त्यांची तुलना होते ती परस्परांशी. बाजारातील गिऱ्हाईक हे त्यांचे संदर्भगट नव्हे.

शिक्षक असलेल्या वडिलांनी कुटुंब रत्नागिरी शहरालगत आणले आणि मुलांच्या शिक्षणाचा ध्यास धरला. त्यामुळे मुलीपुढे दुसरे माप आले, ते शाळेतील सवर्ण मुलींचे. त्यांचे कपडे, डबे, बोलणे यांच्याशी ती स्वतःला ताडून पाहते. परंतु विणलेली आयदाने गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचविताना जे घडते, ते तुलनेच्या चौकटीत मावत नाही. तिला पायरीशी उभे केले जाते, टोपल्यांवर पाणी शिंपडून त्या आत घेतल्या जातात, पैसे वरून हातावर टाकले जातात. येथे सिद्धान्ताची मर्यादा उघड होते. हवाई दलातील सैनिकाची नाराजी संदर्भगट बदलला तर ओसरू शकेल. टोपलीवरचे पाणी मुलीने कोणाशीही तुलना केली तरी शिंपडले जाणारच. या अपमानाला ‘सापेक्ष वंचितता’ म्हणणे म्हणजे समाजाच्या कृतीचे खापर तो भोगणाऱ्याच्या मनोव्यापारावर फोडणे होय.

आत्मकथनातील आई या दृष्टीने लक्षणीय आहे. शाळेतील शेणावरून गुरुजी मुलीला मारतात, तेव्हा आयदाने विणणारी ही विधवा त्यांना जाब विचारते. शिक्षकाच्या पदाला ती नाकारत नाही. शिक्षकाने कसे वागावे, हे माप तीच त्याला लावते. मोजली जाणारी बाई मोजणारी होते. येथे वरिष्ठांच्या आचारांचे अनुकरण नाही, म्हणून संस्कृतीकरणाच्या परिभाषेत हा प्रसंग बसविता येत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्याच मातीतील श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’शी (१९५२) येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. बापू गावाचे नियम झुगारतो, राधेशी संबंध जोडतो, गावाचा रोष पत्करतो. तरीही त्याच्या बंडाचे माप गारंबीच आहे. गावाने आपले मोठेपण मानावे, ही ओढ त्याला सोडत नाही. गाव त्याला आज ना उद्या सामावून घेऊ शकते, कारण तो जन्माने त्या मापाच्या आत आहे. ‘आयदान’मधील मुलीला हा परतीचा मार्गच नाही. त्यामुळे तिला दुसरा गट शोधावा लागतो, आणि तो सापडत नाही तेथे घडवावा लागतो.

१९५६ च्या धर्मांतराने या घडणीला सामूहिक अधिष्ठान दिले. आग्र्याच्या जाटवांचा अभ्यास करणाऱ्या ओवेन लिंच यांनी १९६९ मध्ये दाखविले, की त्या समाजाने उच्चवर्णीयांचे अनुकरण सोडून राजकीय सहभाग आणि बौद्ध अस्मिता यांचा मार्ग धरला. परंतु ‘आयदान’ येथेही थांबत नाही. मुंबईत आल्यावर लेखिकेला दोन नवे गट भेटतात : आंबेडकरी चळवळ आणि स्त्रीमुक्तीची चळवळ. पहिलीत जातीचे माप बदलले, तरी बाईचे जुनेच राहिले. पत्नीच्या शिक्षणाविषयी व लेखनाविषयी घरात उमटणारी अस्वस्थता हा त्याचाच पुरावा. दुसरीत बाईचे माप बदलले, पण जातीचा उल्लेख अप्रस्तुत ठरला. दोन्ही गट तिचे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत.

यातून निघालेली वाट ‘आयदान’च्याही आधीची आहे. मीनाक्षी मून यांच्यासह ऊर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून तो साकारला. संदर्भगट येथे संशोधनाने उभा केला गेला आहे. आत्मकथनात आईच्या विणण्याशी आपल्या लेखनाचे नाते जोडताना लेखिका जे म्हणते, त्याला या ग्रंथाची पार्श्वभूमी आहे. एरवी ज्या आईकडे पाहून ‘आपण कोठून कोठे आलो’ हे मोजले गेले असते, तीच आई मापदंड होते.

दलित आत्मकथनांची समीक्षा बराच काळ अनुभवाची अस्सलता आणि समाजाची प्रातिनिधिकता या दोन निकषांवर विसंबून राहिली. या निकषांत लेखक सदैव मोजला जाणारा असतो. समीक्षक कोणत्या गटातून मोजतो आहे, हे अनुच्चारित राहते. ‘आयदान’ हे गृहीत उघडे पाडते. आत्मकथनातील ‘मी’ कोणाचे प्रतिनिधित्व करतो, हे विचारण्याबरोबरच तो कोणाची मापे नाकारतो व कोणती घडवतो, हेही विचारणे आवश्यक आहे. तसे केले तर पायरीवर उभ्या असलेल्या मुलीइतकेच पाणी शिंपडणारे घरही समीक्षेचा विषय होईल.