पोर्टल दुसऱ्याचं, फिक्स्चर आपलं

भोसरीत व्हीएमसी मशीन विकत मिळतं. त्यावर आपला जॉब बसवायचं फिक्स्चर मात्र टूलरूममध्येच करावं लागतं. चाकण पट्ट्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसणाऱ्याचं वेबसाइटशी असंच नातं असतं. मोटार कंपनीचं सप्लायर पोर्टल, जीएसटी, ई-वे बिल ही सगळी दुसऱ्यांनी घडवलेली, आणि आपल्यासाठी एक रकाना कुणी हलवून देणार नाही. टेम्पो गेटवर उभा असताना एएसएनमध्ये, म्हणजे माल पाठवल्याच्या आगाऊ सूचनेत, तोच पार्ट नंबर, तोच गाडी नंबर पुन्हा भरायचा. ब्राउझरची ॲड-ऑन आणि युजर स्क्रिप्ट ही कला अशाच वैतागातून जन्मली. आपल्याकडे तिची चर्चा मात्र जाहिराती अडवण्यापलीकडे फारशी जात नाही.

युजर स्क्रिप्ट म्हणजे पान आपल्या संगणकावर आल्यानंतर त्यावर चालणारा जावास्क्रिप्टचा तुकडा. सर्व्हर तसाच राहतो, बदलतं ते फक्त आपल्यापुढचं पान. नको तो चौकोन लपवा, तारीख आपोआप भरा, तक्त्याला बेरीज जोडा. ॲरन बूडमन यांनी 2004-05च्या सुमारास फायरफॉक्ससाठी ग्रीजमंकी हे ॲड-ऑन केलं आणि या प्रकाराला घर मिळालं. 2010मध्ये त्याच जातीचं टॅम्परमंकी आलं.

मराठी वाचकाला या कलेची गरज तेव्हापासूनच होती. त्या काळी कित्येक वृत्तपत्रांच्या साइट स्वतःच्या खास फाँटमध्ये असत. फाँट नसला की पानावर अगम्य चिन्हांचा चिखल, आणि शोध घ्यायची तर सोयच नाही. ‘पद्मा’ हे फायरफॉक्सचं ॲड-ऑन असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवी. मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी. संपादकांनी युनिकोड स्वीकारायची वाट न पाहता वाचकाने आपली सोय आपण केली. माझ्या मते या कलेचं आपल्याकडचं सर्वांत उजळ काम हेच. मराठी विकिपीडियावर तर अशी मोकळीक रीतसर मिळते. नोंदणी केलेला सदस्य स्वतःच्या उपपानावर स्क्रिप्ट लिहून फक्त स्वतःपुरतं संकेतस्थळ बदलू शकतो आणि ती स्क्रिप्ट इतरांना वाचता येते.

पुढचा इतिहास इतका सरळ नाही. पानांची रंगरूपं बदलणारं ‘स्टायलिश’ हे लोकप्रिय ॲड-ऑन विकलं गेलं. ते वापरणाऱ्यांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करतं हे 2018मध्ये उघड झालं आणि क्रोम-फायरफॉक्सने ते काढून टाकलं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे ॲड-ऑनही 2020मध्ये दुसऱ्याच्या हाती गेलं, 2021च्या फेब्रुवारीत गूगलने ते घातक ठरवून बंद केलं. दोन्ही वेळा नाव तेच होतं, मालक बदलला होता. ॲड-ऑन गुपचूप अपडेट होतं, त्यामुळे नवा मालक थेट आपल्या ब्राउझरमध्ये येऊन बसतो.

सुरक्षिततेचं कारण देत गूगलने मॅनिफेस्ट व्ही3 ही ॲड-ऑनची नवी चौकट आणली आणि 2024-25मध्ये क्रोममधून जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बाद केली. रेमंड हिल यांचं जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्यात गेलं. उरली ती कमी ताकदीची ‘लाइट’ आवृत्ती. कारण खोटं नाही, पण जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीने जाहिराती अडवण्याचे नियम ठरवावेत, हे मला पटत नाही.

कलेला बट्टा लागला तो रेल्वेच्या तत्काळ तिकिटांनी. सणासुदीला पिंपरी-चिंचवडहून गावी निघणाऱ्या कामगाराला हे सांगायला नको. प्रवाशांची नावं आपोआप भरणारं ॲड-ऑन ही सोय. त्याच तंत्रावर दलालाने शेकडो खाती चालवली की ती लूट. जुलै 2025पासून आयआरसीटीसीवर तत्काळसाठी आधार-पडताळणी आणि मग ओटीपी सक्तीचा झाला. त्याचा जाच प्रामाणिक प्रवाशालाही होतोच.

तरीही दोष नेहमी स्क्रिप्टचा नसतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर एक्सेलमधून फाइल तयार करून एकदम अनेक बिलं काढता येतात. तिथे आकडे भरणाऱ्या स्क्रिप्टचं काम फारसं उरत नाही. ज्या कंपनीच्या पोर्टलवर पुरवठादारांना चोरूनमारून स्क्रिप्ट लावाव्या लागतात, तिच्या आयटी विभागाने त्या स्क्रिप्ट मागवून वाचाव्यात. कुठल्याही सर्वेक्षणात मिळणार नाही इतकी नेमकी तक्रार त्यांत लिहिलेली असते.

छोट्या कारखानदारासाठी माझं मत स्पष्ट आहे. वीस-तीस ओळींची, कुणाकडून तरी वाचून घेतलेली आणि एकाच पोर्टलवर चालणारी स्क्रिप्ट चांगली. कुठल्या पानावर चालायचं हे तिच्या वरच्या ‘मॅच’ ओळीत लिहिलेलं असतं. फुकट मिळालेलं, दहा कामं करतो म्हणणारं ॲड-ऑन नको. बँक आणि जीएसटीचं लॉगिन ज्या संगणकावर होतं, त्यावरची ॲड-ऑनची यादी आजच उघडा. सर्व वेबसाइटवरची माहिती वाचायची आणि बदलायची परवानगी घेतलेलं, पण कुणी टाकलं हे ऑफिसात कुणालाच सांगता येत नाही असं जे असेल, ते काढून टाका.