भोसलेकुलाच्या वंशावळी व त्यांचें मोल

लोहारा तालुका तुळजापुरास लागून आहे. या टापूंतील जुनीं दप्तरें चाळणारास वतनाच्या कागदांबरोबर वंशावळी भेटतात. त्यांची पारख कशी करावी, याचा धडा तुळजाभवानी ज्यांची कुलस्वामिनी त्या भोसल्यांच्याच वंशावळींत मिळतो.

भोसले हे मेवाडच्या सिसोद्यांचे वंशज, हें मत रूढ आहे. त्याचे आधार कालक्रमानें मांडून पाहूं. शहाजीराजे एका पत्रांत आपणांस रजपूत म्हणवितात. परंतु तेवढ्यानें मेवाड सिद्ध होत नाहीं. शिवरायांच्या हयातींतील परमानंदाचें शिवभारत सूर्यवंशाचें नांव घेऊन मालोजीराजांपासूनच कथेस आरंभ करितें. सिसोदे कुळाचा शोध लागल्याचें सभासद सांगतो; त्याची बखर १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सुमारें वीस वर्षांनीं झाली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरांतील १८०३ च्या शिलालेखांत तर पिढ्यांची मालिका सविस्तर येते. लेखक मूळ पुरुषापासून जितका दूर, तितकी त्याची माहिती अधिक! हा क्रमच संशयास्पद होय.

मुधोळकर घोरपड्यांचीं फारसी फर्मानें मधला दुवा पुरवितात. पण त्यांच्या अस्सलपणाविषयीं वाद आहे, आणि वादग्रस्त कागदावर सारी इमारत उभारणें धोक्याचें.

रा. चिं. ढेरे यांनीं २००१ मध्यें शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरील ग्रंथांत निराळी वाट धरिली. कुलदैवताचा माग काढीत त्यांनीं भोसल्यांचें मूळ गदगजवळील सोरटूरच्या बळिपाशीं, म्हणजे होयसळ-यादवांशीं, जोडलें. वंशावळीबाहेरचा पुरावा आणिला, हा त्यांचा मोठा गुण. तथापि एकच दैवत अनेक कुळें पूजितात. तुळजापुराजवळच्या लोकांस हें सांगावयास नको. उपासनेवरून रक्तसंबंध ठरत नाहीं.

जपानांतही असेंच घडलें. तोकुगावा इएयासूनें आपलें कूळ प्राचीन मिनामोतो वंशास जोडिलें व १६०३ मध्यें तो शोगुन झाला. त्या जोडणीवर इतिहासकारांचा विश्वास नाहीं. पुढें शोगुनशाहीनें दाइम्यो सरदारांकडून वंशावळी मागवून १६४३ मध्यें त्यांचा संग्रह सिद्ध केला.

तात्पर्य, वंशावळ ही ज्यांची नांवें देते त्यांच्या काळापेक्षां ती लिहिणाराच्या काळाची साक्ष अधिक देते. शिवरायांचें राज्य मनगटानें मिळविलेलें आहे; शंकेनें त्यास उणेपणा येत नाहीं. संग्राहकांनीं मात्र वंशावळीची नक्कल घेतांना हस्ताक्षर, कागद, नकलेचा काळ व ती कोणत्या कज्जासाठीं झाली हें अवश्य टिपावें. तें टिपण हरवलें, तर उरते ती केवळ नांवांची यादी.