वाड्याबाहेरचा इतिहास

इतिहास शिकवताना अभिजात साहित्याचा आधार घ्यावा, असे आपण शिक्षक एकमेकांना आग्रहाने सांगतो. मला ते मान्य आहे. नुसत्या सनावळ्यांनी मुलांच्या हाती काही लागत नाही, हे नववीच्या वर्गासमोर उभा राहून मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. अभिजात म्हणून जे आपल्या हाती दिले जाते, ते कोणाच्या घरातून आलेले असते?

एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणा शिकवताना मी हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वर्गात नेली. १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः आलेली ही कादंबरी. यमूने स्वतःच सांगितलेली आपली कहाणी: लहानपणी लग्न, अकाली वैधव्य, बळजबरीचे केशवपन. वर्ग गप्प झाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून एवढे रण का माजले, हे पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींनी कळले नव्हते. ते यमूमुळे कळले. आपट्यांचे हे ऋण नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून वस्तीतली एक मुलगी म्हणाली, "सर, हे सगळं वाड्यातलं झालं. तेव्हा आमची माणसं कुठं होती?"

कादंबरीकाराने आपल्या परिचयाचे जग लिहिले, हा त्याचा अपराध नव्हे. परंतु वरच्या जातीच्या घरातले दुःख हेच 'त्या काळच्या स्त्रीचे दुःख' म्हणून शिकवणे, हा अपराध आपला आहे, आपणा शिक्षकांचा.

दुसऱ्या दिवशी मी मुक्ता साळवेचा निबंध नेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी, मातंग समाजातली चौदा वर्षांची ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. यमूच्या कहाणीपूर्वी पस्तीस वर्षे. ऊनपावसात, धड छप्परही नसलेल्या घरात बाळंत होणाऱ्या बाया त्यात आहेत. वेदांचा अधिकार नाकारला, मग आमचा धर्म कोणता, हा रोकडा सवालही आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची मुलगी हे विचारते आहे, हे ध्यानात येताच वर्गाचा नूर पालटला.

मात्र मुक्ताचे लिखाण आपले आहे म्हणून त्याला तपासणीतून सूट दिली नाही. पेशवाई १८१८ साली संपली. तिच्यातील जुलमाविषयी मुक्ता लिहिते ते वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले. बाळंतपणाचे हाल मात्र तिच्या भोवतीचे. ऐकलेले कोणते आणि पाहिलेले कोणते, हे मुलांनी वेगळे करून मांडले. इतिहासाचे शिक्षण याहून वेगळे काय असते?

मग आम्ही पुन्हा यमूकडे वळलो. केशवपन म्हटले की वस्तरा आला आणि तो धरणारा हातही आला. त्या हाताचे काय? १८९० सालीच मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. म्हणजे सुधारणा केवळ वाड्यातल्या शिकलेल्या पुरुषांच्या मनात उगवली नाही. वस्तरा खाली ठेवणाऱ्या कष्टकऱ्यांनीही ती घडवली. हे कळल्यावर यमूची कहाणी लहान झाली नाही. तिच्या भोवतीचा समाज दिसू लागला.

एक सहकारी म्हणाले, "हे परीक्षेला येणार नाही." खरे आहे. पण त्या मुलीने घरी जाऊन आजीला तिच्या बाळंतपणांविषयी विचारले आणि वहीची तीन पाने भरून आणली. आजवर इतिहासाच्या तासाला तिने तोंड उघडले नव्हते.

अभिजात साहित्य वर्गात जरूर न्यावे. ते नेताना ज्यांना त्यात जागा मिळाली नाही त्यांचे लिखाणही शेजारी ठेवावे, आणि दोन्हींना सारखेच प्रश्न विचारावेत. एवढे करायला कोणत्या परिपत्रकाची वाट पाहायची?