गुप्त खिडकी आणि स्मरणशील न्याहाळक : नव्या ब्राउझरच्या खासगीपणाची चिकित्सा

प्रस्तावना

‘ब्राउझर’ या संज्ञेसाठी मराठीत ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द सुचविला गेला. तो फारसा रुळला नाही. तथापि त्यातील संदिग्धता अर्थपूर्ण आहे. आपण ब्राउझरमधून महाजाल न्याहाळतो, अशी आपली समजूत असते. त्याच वेळी ब्राउझरही आपणास न्याहाळत असतो, ही बाब सहसा लक्षात येत नाही. आज महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, अंतर्गत गुण आणि मूल्यांकन अहवाल ही सारी कामे ब्राउझरच्या खिडकीतूनच होतात. म्हणून ब्राउझरची निवड हा केवळ वैयक्तिक सोयीचा विषय उरलेला नाही.

प्रस्तुत लेखात २००८ मध्ये आलेला गुगल क्रोम आणि २०२५ मध्ये आलेला चॅटजीपीटी ॲटलास या दोन ब्राउझरांच्या आगमनाचा विचार केला आहे. तपासावयाचा प्रश्न एकच आहे : खासगीपणाचे आश्वासन मिळते, तेव्हा तो खासगीपणा नेमका कोणापासूनचा असतो?

क्रोमचे आगमन व पहिला आक्षेप

२ सप्टेंबर २००८ रोजी क्रोमची चाचणी आवृत्ती विंडोज प्रणालीसाठी उपलब्ध झाली. तिची ओळख करून देण्यासाठी गुगलने स्कॉट मॅक्‌क्लाउड या चित्रकाराकडून एक चित्रकथा करवून घेतली होती. प्रत्येक पानासाठी स्वतंत्र प्रक्रिया, एक पान बंद पडले तरी इतर पाने सुरू राहणे, घातक संकेतस्थळास संगणकाच्या इतर भागांपासून अलग ठेवणे, ही क्रोमची तांत्रिक वैशिष्ट्ये खरोखरच मोलाची होती. इतर ब्राउझरांनीही पुढे या दिशेने वाटचाल केली. क्रोमवरील टीका करताना हे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल.

परंतु वापराच्या अटींतील अकराव्या कलमाने लगेच वाद उद्भवला. क्रोमद्वारे जे जे लिहिले वा प्रदर्शित केले जाईल, त्याच्या पुनर्निर्मितीचा व प्रसिद्धीचा कायमस्वरूपी, अपरिवर्तनीय व विनामोबदला परवाना त्या कलमान्वये गुगलला मिळत होता. इतर सेवांच्या अटी येथे जशाच्या तशा आल्या, असे स्पष्टीकरण देऊन कंपनीने अल्पावधीतच ते कलम बदलले. चूक अनवधानाने झाली हे मान्य केले, तरी ती बोलकी होती. ब्राउझर हे साधन आपले की कंपनीच्या सेवेचा एक भाग, या प्रश्नाचे उत्तर त्या नकललेल्या कलमातच होते.

दुसरा आक्षेप पत्ता आणि शोध यांसाठी ठेवलेल्या एकाच चौकटीविषयी होता. या चौकटीत अर्धा शब्द टंकलिखित होताच सूचना दिसू लागतात. याचा अर्थ, ‘एंटर’ कळ दाबण्यापूर्वीच अक्षरे शोधसेवेकडे रवाना झालेली असतात. अशा विनंत्यांपैकी सुमारे २ टक्के विनंत्यांची नोंद ठेवली जाते, असे गुगलने सांगितले; आणि ८ सप्टेंबर २००८ रोजी ही नोंद सुमारे २४ तासांत अनामिक करण्याचे जाहीर केले. वापरकर्त्यांनी विचारणा केली म्हणून हा बदल झाला, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

‘गुप्त’ या शब्दाची व्याप्ती

क्रोमसोबत ‘इनकॉग्निटो’ ही खिडकीही आली. कल्पना नवी नव्हती. ॲपलच्या सफारीत खासगी न्याहाळणीची सोय २००५ पासूनच होती. परंतु क्रोमने या सोयीस दिलेले नाव लोकांच्या मनात रुजले. इनकॉग्निटो म्हणजे अज्ञात. मराठी मांडणीत तिला ‘गुप्त’ म्हटले गेले. मराठी वाचकास या संदर्भात पांडवांचा अज्ञातवास आठवल्याखेरीज राहत नाही. त्या अज्ञातवासाची अट अशी होती, की विराटाच्या घरी राहूनही खुद्द विराटाने त्यांना ओळखता कामा नये. इनकॉग्निटोच्या अज्ञातवासात मात्र यजमानाचीच ओळख टळत नाही. ही खिडकी बंद केल्यावर त्या संगणकावरील भेटींचा इतिहास व कुकी पुसल्या जातात. परंतु भेट दिलेले संकेतस्थळ, महाविद्यालयाचे जाळे आणि इंटरनेट पुरविणारी कंपनी यांच्यापासून ती भेट लपत नाही. शेजारी बसणाऱ्यापासून संरक्षण मिळते, दूर बसलेल्यापासून नाही.

हा गैरसमज कितपत व्यापक आहे, याचा अभ्यास झालेला आहे. शिकागो व हॅनोव्हर येथील संशोधकांनी ४६० व्यक्तींना निरनिराळ्या ब्राउझरांची स्पष्टीकरणे वाचावयास देऊन २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुगल खात्यात प्रवेश केलेला असतानाही खासगी खिडकीतील शोध नोंदले जात नाहीत, असे निम्म्याहून अधिक सहभागी व्यक्तींना वाटत होते. स्पष्टीकरण वाचूनही समजूत चुकीचीच राहिली. दोष केवळ वाचकाचा मानता येणार नाही. नावाने निर्माण केलेली अपेक्षा तळटिपेने दूर होत नाही.

या प्रश्नावर जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात गुगलविरुद्ध दावा दाखल झाला. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड ठरली व एप्रिल २०२४ मध्ये तिच्या अटी समोर आल्या. त्यांनुसार गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले. दावेदार समूहास नुकसानभरपाई मात्र देण्यात आली नाही. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये गुप्त खिडकीवरील सूचनेचा मजकूर बदलण्यात आला. संकेतस्थळे आणि गुगलसह त्यांच्या सेवा यांच्याकडून होणाऱ्या माहितीसंकलनात या खिडकीमुळे फरक पडत नाही, असे तिच्यात आता स्पष्टपणे म्हटले आहे. एवढे एक वाक्य लिहिले जाण्यास १५ वर्षांहून अधिक काळ लागला.

नव्या ब्राउझरची चाचणी

२१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने ॲटलास हा ब्राउझर प्रथम मॅक संगणकासाठी उपलब्ध केला. प्रस्तुत लेखकाने तो एका सहकाऱ्याच्या संगणकावर काही दिवस वापरून पाहिला. आरंभीच तो जुन्या ब्राउझरमधील खुणा, इतिहास आणि पासवर्ड आणण्याविषयी विचारतो. कोणत्याही पानाच्या बाजूस संवादाची पट्टी उघडते. एका दीर्घ शासन निर्णयाचा सारांश तिने क्षणार्धात दिला आणि तो उपयुक्तही होता. सोयीचे हे आकर्षण खरे आहे; ते नाकारून खासगीपणाची चर्चा करणे निरर्थक ठरेल.

क्रोम पानांचे पत्ते लक्षात ठेवीत असे. ॲटलासमधील ‘स्मृती’ पानांतील आशयाचे सार लक्षात ठेवू शकते. ही सोय ऐच्छिक आहे, तिच्यातील नोंदी पाहता व काढून टाकता येतात, तसेच एखादे पान संवादसहायकास दिसू न देण्याची कळ पत्त्याच्या पट्टीतच आहे. न्याहाळलेला आशय प्रतिमानाच्या प्रशिक्षणासाठी आपोआप वापरला जात नाही, असेही कंपनीने जाहीर केले आहे. या बाबी २००८ च्या तुलनेत निश्चितच स्वागतार्ह आहेत.

परंतु त्याच घोषणेत एक उपवाक्य आहे. वापरकर्त्याने आपल्या खात्यात संवादांच्या प्रशिक्षणास मुभा दिलेली असेल, तर ती ॲटलासमधील संवादांनाही लागू होते. आणि बाजूच्या पट्टीत विचारणा करताना जोडलेल्या पानाचा मजकूर त्यात समाविष्ट असतो. समजा, एखाद्या प्राध्यापकाने अंतर्गत गुणांची यादी उघडून पट्टीत विचारले, ‘यांतील अनुत्तीर्ण किती?’ प्रश्न निरुपद्रवी आहे. मात्र प्रश्नासोबत संपूर्ण यादी जाते.

दुसरा धोका सुरक्षिततेचा. सहायकाने वाचलेल्या पानातच छुपी आज्ञा पेरलेली असेल, तर तो ती वापरकर्त्याची आज्ञा समजून पाळण्याचा संभव असतो. ब्रेव्ह या ब्राउझरच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट ब्राउझरबाबत असा दोष प्रसिद्ध केला होता. ॲटलासच्या निर्मात्यांनीही हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नसल्याचे मान्य केले आहे.

संमती कोणाची?

खासगीपणाच्या चर्चेत ‘माझ्याकडे लपविण्यासारखे काही नाही’ हे विधान वारंवार ऐकू येते. प्राध्यापकाच्या बाबतीत ते मुळातच गैरलागू आहे. त्याच्या पडद्यावरील माहिती बहुतांशी त्याची नसतेच. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, अनुत्तीर्ण विषय ही माहिती विद्यार्थ्याची असते आणि ती विश्वासाने सोपविलेली असते. ब्राउझरच्या अटींवर ‘मान्य’ ही कळ प्राध्यापक दाबतो. विद्यार्थ्यास कोणी विचारलेले नसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असली पाहिजे, आणि सूचना आठव्या अनुसूचीतील भाषांत, अर्थात मराठीतही, वाचण्याची मुभा असली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली. ही तरतूद मोलाची आहे; परंतु ‘गुप्त’ या एका शब्दाने केलेला घोटाळा पाहता, केवळ भाषांतराने सूचना माहितीपूर्ण होईल असे मानता येत नाही.

समारोप

नवा ब्राउझर वापरून पाहू नये, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. स्वतःच्या वाचनासाठी तो अवश्य वापरावा. मात्र विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी संवादसहायक नसलेला वेगळा ब्राउझर ठेवावा, सामायिक संगणकावर पासवर्ड साठवू नयेत आणि गुप्त खिडकीकडून तिच्या मर्यादेपलीकडील अपेक्षा ठेवू नये. याविषयीचा लेखी निर्णय प्रत्येक विभागाने घ्यावा. तो एकेका व्यक्तीच्या सवयीवर सोपवू नये.

दोन्ही ब्राउझरांच्या इतिहासातून एवढे स्पष्ट होते, की विचारणा झाल्यावर अटी बदलतात. ती विचारणा करण्याची जबाबदारी ज्यांच्या हाती इतरांची माहिती आहे त्यांच्यावर अधिक आहे, आणि महाविद्यालयीन शिक्षक त्यांपैकी एक आहे.