ट्रॅक थांबत नाही

पिंपळे सौदागरमधल्या मोठ्या सोसायट्यांच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ हमखास कराओकेची असते. दिवसभर हिंजवडीत कोड लिहिणारा माणूस क्लब हाऊसच्या स्टेजवर किशोरकुमार गातो आणि बहुधा निभावून नेतो. पंचाईत होते ती नाट्यगीताची. कुणा काकूंना ऐन वेळी एखादी तान सुचते, त्या ती मनापासून घेतात आणि समेवर येईपर्यंत ट्रॅक पुढच्या कडव्यात शिरलेला असतो. सूर आणि गती हवी तशी ठेवता येते, पण ते सगळं गाणं सुरू होण्याआधी ठरवायचं. 1971 मध्ये कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी हे यंत्र बनवलं, तेव्हा हौशी गायकाला वाद्यवृंद मिळावा एवढाच हेतू होता. ठरलेल्या चालीची गाणी गाणाऱ्यांना तो पुरतोही. आपलं बरंचसं गाणं मात्र गाता गाता ठरतं.

परकी वस्तू आली म्हणून गाणं बिघडलं, असं मी म्हणणार नाही. त्या तक्रारीचं काय होतं, हे पेटीनं दाखवून दिलं आहे. हार्मोनियमचं पेटंट 1842 मध्ये पॅरिसच्या दबॅं यांनी घेतलं. ते पायानं भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातभाता दिला आणि वादक मांडी घालून बैठकीत बसला. एक हात भात्यावर गेल्यामुळे दोन हातांची पाश्चात्त्य हार्मनी आपोआप सुटली. उरला एक हात आणि गायकाच्या मागोमाग जाणारी एकच सुरावट. युरोपच्या दृष्टीनं हे वाद्य अर्धं झालं, आपल्या दृष्टीनं कामाचं झालं.

मराठी रंगभूमीनं तर त्याचं सोनं केलं. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि ते स्वतः नामांकित पेटीवादक. तरीही 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. आरोप खोटे नव्हते. पेटीवर मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे तिच्या ठरावीक स्वरांत बसत नाहीत. पण आक्षेप घेणाऱ्यांनी पट्ट्या पाहिल्या, पट्ट्यांवरचा माणूस पाहिला नाही. तो ऐकतो. गायक रेंगाळला की रेंगाळतो, श्वास घ्यायला थांबला की त्याची शेवटची जागा भरून काढतो. आज ख्यालगायकसुद्धा आपली पट्टी काळी एक, पांढरी चार अशी पेटीच्याच भाषेत सांगतात. परकं वाद्य रुळलं ते या मागोमाग जाण्याच्या गुणावर, आणि नव्या यंत्रांना हीच कसोटी लावली पाहिजे.

ढोल-ताशाला ती लावली तर उत्तर सरळ येत नाही. मावळ-मुळशीच्या गावांतला ढोल ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी शहरी मुलामुलींच्या हाती दिला. आता आमच्याकडचे आयटीवाले जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिस सुटलं की नदीकाठी सरावाला उभे असतात. चामड्याच्या जागी प्लास्टिकचं पान आलं. ते पावसात उतरत नाही, विसर्जनाच्या दिवसांत ही मोठीच सोय. पण आवाज कोरडा झाला, घुमारा कमी झाला. ताशा पुढे आणि ढोल त्याच्या मागे, ही रचना अजून जिवंत आहे. फक्त साठ-सत्तर ढोल एकदम उभे केले की ताशावाल्याला ऐन वेळी काही सुचलं तरी ते मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. मग सगळी पथकं तीच ठरलेली आवर्तनं वाजवतात. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुण्यातल्या पथकांना 30 वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. वाद डेसिबलचा झाला. तीस जणांत वादन अधिक चांगलं होईल का, हे कुणी विचारलंच नाही.

आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा दिंडीत अजून वेगळं चित्र दिसतं. वीणेकरी, टाळकरी आणि पखवाजवाला चालता चालता एकमेकांच्या पायांवरून लय ओळखतात. काही दिंड्यांत बॅटरीवरचा स्पीकर आला आहे. त्यानं फारसं बिघडलेलं नाही.

खरी काळजी शिकवणीची आहे. बेंगळुरूच्या राडेल कंपनीनं 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, आता तो मोबाइलमध्ये आहे. दहाव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये मिरजेचा तानपुरा ठेवायचा कुठे, हा प्रश्न रास्तच आहे. तरी जवारी लावणं, तार हलकेच उतरवून षड्ज शोधणं हा कानाचा पहिला धडा होता. ॲपमध्ये सूर तयार मिळतो, म्हणून तो धडाच गळतो. 2020 नंतर ऑनलाइन शिकवण्या वाढल्या. इथल्या बाई न्यू जर्सीतल्या मुलीला यमन शिकवतात, ही चांगलीच गोष्ट. पण नेटवर आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोघींना एकत्र गाता येत नाही. बाई गातात, थांबतात, मग मुलगी गाते. त्यात व्हिडिओ कॉलची प्रणाली अखंड वाजणारा तानपुरा पंख्याची घरघर समजून दाबून टाकते. ती सोय आठवणीनं बंद करावी लागते. गुरूच्या आवाजात आवाज मिसळून शिकायची जी रीत होती, तिला इथे जागाच उरत नाही.

अशी मुलं प्रवेशिका, मध्यमापर्यंत व्यवस्थित पोचतात. सूर पक्का, लय घड्याळासारखी. परीक्षेच्या खोलीत मात्र अनेकांना प्रथमच हाडामांसाचा तबलजी भेटतो. त्यानं ठेक्यात जरा भर घातली, एखादा तुकडा टाकला की मूल बावरतं आणि सम चुकते. परीक्षक गुण मुलाचे कापतात. खरं तर ते क्लासचे कापायला हवेत.